विमानतळाचा पर्यावरण अहवाल पहिल्यांदाच हातात आलाय? मग हे वाचा

विमानतळाचा पर्यावरण आघात अहवाल पहिल्यांदा उघडणारा माणूस बहुतेक वेळा एकच चूक करतो. तो पान एकपासून वाचायला बसतो. सुरुवातीची पन्नास पानं हवाई प्रवास किती वाढतोय, रोजगार किती मिळणार, पर्यटन कसं बहरणार यातच जातात. तिथेच डोळे मिटायला लागतात. पुढे तक्ते येतात: पीएच, नायट्रेट, पीएम १०, डेसिबल. सगळे आकडे ‘विहित मर्यादेत’. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, ‘योग्य उपाययोजना केल्यास प्रकल्पाचा परिणाम नगण्य राहील’. वाचणारा बाड मिटतो आणि म्हणतो, आपल्याला यातलं काय कळणार?

कळतं. अशी बाडं वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून हाती लागलं ते एवढंच: खोट सहसा आकड्यात नसते, रेषा कुठे आखली त्यात असते. जागेची रेषा, काळाची रेषा, ‘प्रकल्प’ या शब्दाची रेषा. रेषेच्या आतलं सगळं नीट मोजलेलं असतं. त्रास व्हायचा असतो तो रेषेपलीकडच्यांना. त्यामुळे खालच्या प्रत्येक पायरीवर तुम्ही एकच गोष्ट हुडकताय असं समजा: इथे रेषा कुठे ओढली?

आधी, प्रकरण कुठवर आलंय ते बघा

देश कुठलाही असो, ही तपासणी साधारण सारख्याच टप्प्यांतून जाते. या प्रकल्पाला अभ्यास लागतो का, हे आधी ठरतं. मग अभ्यासात काय काय घ्यायचं ते ठरतं. मग प्रत्यक्ष अभ्यास, मसुदा अहवाल, लोकांचं म्हणणं, तज्ज्ञांची छाननी, मंजुरी किंवा नकार, आणि मंजुरी मिळाली तर अटींवर देखरेख. अमेरिकेत हे सगळं १ जानेवारी १९७० रोजी सही झालेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यापासून सुरू झालं. युरोपीय संघात धावपट्टी २१०० मीटर किंवा त्याहून लांब असेल तर अभ्यास सक्तीचा आहे. भारतात १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली विमानतळ येतात आणि कागदपत्रं ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर बघता येतात.

या टप्प्यांपैकी सगळ्यात मोलाचा टप्पा दुसरा, आणि नेमका त्याच वेळी कोणी फिरकत नाही. अभ्यासाची कार्यकक्षा ठरते तेव्हा वर्तमानपत्रात बातमी नसते, मंडप नसतो, माइक नसतो. पण जे कार्यकक्षेत आलं नाही ते पुढे सहाशे पानांत कुठेच येत नाही. त्यामुळे कार्यकक्षेचं पत्र मिळवा (ते पाच-दहा पानांचंच असतं) आणि अहवालाआधी ते वाचा. मग त्यातल्या प्रत्येक मुद्द्यापुढे अहवालातल्या पानाचा आकडा लिहीत जा. ज्या मुद्द्यापुढे आकडा लिहिता येत नाही तो तुमचा पहिला आक्षेप.

‘हे तर नुसतं विस्तारीकरण आहे, याला कशाला अभ्यास’ असं ऐकायला मिळालं तर लिएजचं प्रकरण लक्षात ठेवा. बेल्जियममधल्या त्या विमानतळावर धावपट्टी लांबवली नव्हती, मालवाहतुकीसाठी इतर बांधकामं आणि बदल केले होते. २००८ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की अशा बदलांनाही तपासणी लागू होऊ शकते, आणि वाढणाऱ्या उड्डाणांचा परिणाम त्यात धरावा लागतो.

नकाशा स्वतः काढा

हे काम एका संध्याकाळचं आहे आणि यातून जेवढं कळतं तेवढं दोनशे पानं वाचून कळत नाही.

अहवालात प्रकल्पाच्या हद्दीचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. ते गुगल अर्थवर टाका. हद्द तयार झाली की त्यात धावपट्टीची रेघ ओढा. आता ही रेघ दोन्ही टोकांना दहा-दहा किलोमीटर पुढे न्या. विमान साधारण ३ अंशांच्या उतारावरून खाली येतं, म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून ५ किलोमीटरवर ते जमिनीपासून सुमारे २७५ मीटरवर असतं आणि १० किलोमीटरवर सुमारे ५४० मीटरवर. तुमच्या वाढवलेल्या रेघेखाली कोणती गावं, शाळा, दवाखाने येतात ते लिहून काढा. ही यादी अहवालातल्या ‘बाधित गावां’च्या यादीशी ताडून बघा. दोन्ही याद्या क्वचितच जुळतात, कारण अहवालातली यादी ज्यांची जमीन जाते त्यांची असते. ज्यांच्या डोक्यावरून विमान जातं त्यांची ती नसते.

याच रेघेवर आणखी एक गोष्ट दडलेली असते. विमानाच्या वाटेत ठराविक उंचीपेक्षा उंच काही चालत नाही. म्हणून हद्दीबाहेरची झाडं, टेकडीचे माथे, विजेचे मनोरे हेसुद्धा उतरवावे लागतात. अहवालात तोडायच्या झाडांचा आकडा कुंपणाच्या आतला असतो. कुंपणाबाहेर उड्डाणमार्गात किती झाडं जाणार हे विचारलं की बहुतेकदा समोरचे एकमेकांकडे बघतात.

आता हद्दीभोवती वर्तुळं काढा: १० किलोमीटर, १५ किलोमीटर. त्यात राखीव जंगल, पाणथळ, अभयारण्य, नदी काय काय येतं? गोव्यातल्या मोपा विमानतळाचं प्रकरण इथेच अडलं होतं. भारतात मंजुरीसाठी जो अर्ज भरतात त्याच्या प्रपत्र १ मध्ये १५ किलोमीटरच्या परिघातल्या संवेदनशील जागा सांगाव्या लागतात. मोपाच्या अर्जात राखीव वनं आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं नीट दाखवली नव्हती. ऑक्टोबर २०१५ मध्ये मिळालेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीला पुन्हा विचार करायला लावला. जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून आणि नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेची देखरेख नेमून स्थगिती उठली, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली. या निकालाला कोणी विजय म्हणतं, कोणी पराभव. नवख्या माणसाने त्यातून घ्यायचं ते इतकंच की नकाशावर वर्तुळ काढून मोजण्याइतक्या साध्या कामावर देशातलं सर्वोच्च न्यायालय थांबलं होतं.

‘प्रकल्प’ म्हणजे नक्की काय काय?

विमानतळ म्हणजे धावपट्टी आणि टर्मिनल एवढंच नव्हे. त्याला जोडरस्ता लागतो, इंधनाची वाहिनी लागते, वीज उपकेंद्र लागतं, पाण्याची वाहिनी लागते, आणि हल्ली शेजारी एक ‘एरोसिटी’, म्हणजे हॉटेलं-कार्यालयांची वसाहतसुद्धा लागते. प्रत्येकाची मंजुरी वेगळी, प्रत्येकाचा अहवाल वेगळा, आणि प्रत्येक अहवालात ‘परिणाम मर्यादित’. हत्तीचे तुकडे करून एकेक तुकडा वजनकाट्यावर ठेवला की हत्ती कुठेच दिसत नाही.

यात सगळ्यात जास्त विसरला जातो तो भराव. एक काल्पनिक हिशेब करून बघू. ५०० हेक्टर जमीन सरासरी २ मीटर उचलायची आहे. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजे माती-मुरूम लागणार १ कोटी घनमीटर. एका डंपरमध्ये १० घनमीटर धरले तर १० लाख खेपा. काम ३ वर्षं चाललं आणि एकही सुट्टी घेतली नाही, तरी रोज ९०० च्या वर भरलेले डंपर, आणि तितकेच रिकामे परत. ही माती कोणत्या टेकडीची? डंपर कोणत्या रस्त्याने? त्या रस्त्यावर शाळा किती? अहवालात याचं उत्तर ‘परवानाधारक खाणीतून’ इतकंच असेल तर खाणीचं नाव आणि तिची क्षमता विचारा. नवी मुंबई विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी उतरवावी लागली आणि उलवे नदीचं पात्र वळवावं लागलं. एवढ्या मोठ्या कामाला ‘जमीन सपाटीकरण’ म्हटलं की तो शब्द कागदावर अगदी निरुपद्रवी दिसतो.

पर्यायांचं प्रकरण

हे प्रकरण बहुतेक अहवालांत सगळ्यात छोटं असतं. दोन-तीन जागांची तुलना, गुण देऊन केलेला एक तक्ता, आणि योगायोगाने ठरलेल्या जागेलाच सर्वाधिक गुण. अमेरिकेच्या १९७८ च्या नियमांत मात्र पर्यायांच्या तुलनेला अहवालाचा गाभा म्हटलं होतं.

दोनच गोष्टी तपासा. एक, ‘काहीच बांधलं नाही तर’ हा पर्याय प्रामाणिकपणे मांडलाय का? दोन, असलेलाच विमानतळ सुधारला तर, हा पर्याय आहे का? फ्रान्समध्ये नोत्र-दाम-दे-लांद इथे पाणथळ आणि शेतीच्या जमिनीवर नवा विमानतळ व्हायचा होता. वाद दशकानुदशकं चालला. शेवटी सरकारने नेमलेल्या मध्यस्थांनी डिसेंबर २०१७ मध्ये नवा विमानतळ आणि नांतचा जुना विमानतळ सुधारणं असे दोन्ही पर्याय समोरासमोर ठेवले. महिनाभरात, जानेवारी २०१८ मध्ये, सरकारने नवा विमानतळ सोडून दिला. ही तुलना मुळातच नीट झाली असती तर किती वर्षं वाचली असती, हा हिशेब कोणी मांडला नाही.

मोजमाप कधी केलं?

मूळ स्थितीच्या, म्हणजे प्रकल्पाआधी तिथली हवा, पाणी, जीवसृष्टी कशी आहे त्या अभ्यासाचं प्रकरण उघडा आणि आधी तारखा बघा. आकडे नंतर.

भारतात साधारणपणे पावसाळा सोडून एका ऋतूची, म्हणजे तीन महिन्यांची मोजमापं चालतात. हवेसाठी याला अर्थ आहे, पावसात धूळ बसते. पण विमानतळाचं सगळ्यात मोठं दुखणं पाणी, आणि पाण्याचं खरं रूप दिसतं तो नेमका पावसाळाच रेषेबाहेर जातो. मार्चमध्ये कोरड्या पडलेल्या ओढ्याला अहवालात ‘हंगामी नाला’ म्हणतात. ऑगस्टमध्ये त्याला भेटायला जा.

पक्ष्यांचंही तसंच. स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात. मी एकदा वाचलेल्या अहवालात पक्ष्यांची पाहणी मे महिन्यात तीन दिवसांत उरकली होती, आणि यादीत कावळा, चिमणी, साळुंकी, कबुतर. स्थलांतरित पक्षी ‘आढळले नाहीत’. मे महिन्यात ते आढळणार कसे? ते हजारो किलोमीटर उत्तरेला होते.

याच प्रकरणात नक्कल शोधा. पीडीएफमध्ये दुसऱ्या जिल्ह्यांची, दुसऱ्या नद्यांची नावं टाकून बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारे सापडल्याचं प्रकरण या क्षेत्रातले लोक अजून एकमेकांना सांगतात. प्राण्या-वनस्पतींच्या यादीत तुमच्या भागात कधीच न दिसलेली जात आणि रोज दिसणारी जात गायब असेल, तर ती दोन नावं लिहून ठेवा.

पाणी

१ हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की पाणी होतं १० लाख लिटर. शेतात, गवतावर त्यातलं बरंच मुरतं. काँक्रीटवर जवळजवळ सगळं वाहतं. २०० हेक्टर जमीन धावपट्टी, टॅक्सीवे (विमानांचे जोडमार्ग), एप्रन (विमानं उभी करायची जागा) आणि वाहनतळाखाली गेली तर अशा एका पावसात २० कोटी लिटर पाणी कुठेतरी जायला निघतं. अहवालात त्याला ‘पर्जन्यजल निचरा व्यवस्था’ असं भारदस्त नाव असतं. तुम्ही त्या निचऱ्याचं शेवटचं टोक शोधा. ते ज्या ओढ्यात पडतं त्या ओढ्याची रुंदी, पुढचा पूल, पुढची वस्ती, भरतीच्या वेळी तिथलं पाणी कुठवर येतं, हे अहवालात आहे का? बहुतेक वेळा नकाशावरचा बाण हद्दीच्या रेषेवर येऊन थांबतो, जणू पाणीही तिथेच थांबणार आहे.

पाणी मात्र परतही येतं. चेन्नईची दुसरी धावपट्टी अड्यार नदीवर बांधलेल्या पुलावरून जाते. डिसेंबर २०१५ च्या पुरात तो विमानतळ काही दिवस बंद पडला. कोचीचा विमानतळ ऑगस्ट २०१८ च्या पुरात बुडाला आणि २९ ऑगस्टला पुन्हा सुरू झाला. जपानचा कान्साई तर समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे. १९९४ मध्ये सुरू झाल्यापासून बेट अंदाजापेक्षा जास्त खचत राहिलं, आणि सप्टेंबर २०१८ च्या जेबी वादळात धावपट्टीवर समुद्र आला. त्यातच एक टँकर जहाज जोडपुलावर आदळलं आणि हजारो प्रवासी बेटावर अडकले. म्हणून एक प्रश्न नेहमी विचारा: पुराचा हिशेब किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरून केलाय, आणि त्यासाठी पावसाच्या नोंदी कोणत्या वर्षापर्यंतच्या घेतल्यात?

पाण्याचा दुसरा धोका दिसत नाही. विमानतळावर अग्निशमनाचे सराव होतात, आणि जुन्या प्रकारच्या फेसात पीएफएएस नावाची रसायनं असतात. ती विघटित होत नाहीत, जमिनीत उतरतात. स्वीडनमधल्या कालिंगे गावात लष्करी धावपट्टीवरच्या अशा फेसामुळे पिण्याचं पाणी दूषित झाल्याचं २०१३ मध्ये उघड झालं, आणि दहा वर्षांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या रक्तात साठलेली ही रसायनं म्हणजे इजाच आहे असं मान्य केलं. तुमच्या अहवालात ‘फेस’ हा शब्द शोधा. सरावाची जागा कुठे, तिथलं पाणी कुठे जातं, आसपासच्या विहिरींचं पाणी आत्ता, म्हणजे बांधकामाआधी, या रसायनांसाठी तपासलंय का? आधीची नोंद नसेल तर नंतर काहीच सिद्ध करता येत नाही.

आवाज: इथे घाई करू नका

विमानतळाच्या अहवालात सगळ्यात फसवा भाग हा. फसवा म्हणजे खोटा नव्हे. डेसिबलचं गणित आपल्या रोजच्या गणितासारखं चालत नाही, आणि त्या फरकात बरंच काही झाकलं जातं.

पहिली गोष्ट. आवाज सरासरीने मांडतात, दिवसाच्या किंवा वर्षाच्या. या गणितात उड्डाणं दुप्पट झाली की सरासरी फक्त ३ डेसिबलने वाढते. म्हणजे अहवालात ‘विस्तारीकरणानंतर आवाजात केवळ ३ डेसिबलची वाढ अपेक्षित’ असं वाचलंत, तर त्याचा अर्थ रोज १०० ऐवजी २०० विमानं, असाही असू शकतो. कोणीही झोपेतून उठताना सरासरीने उठत नाही. एका विमानाने उठतो. म्हणून सरासरीसोबत दुसरा आकडा मागा: रोज किती वेळा आवाज ७० डेसिबलच्या वर जाईल, आणि रात्री किती वेळा ६० च्या वर? हा आकडा गावातल्या आजीलाही कळतो.

दुसरी गोष्ट रात्रीची. अमेरिकेत आणि युरोपात सरासरी काढताना रात्रीच्या प्रत्येक विमानाला १० डेसिबल जादा धरतात. गणिताच्या भाषेत रात्रीचं एक विमान दिवसाच्या दहा विमानांइतकं. अहवालात कोणतं मोजमाप वापरलंय ते बघा, आणि रात्रीची उड्डाणं किती धरली आहेत ते शोधा. मालवाहू विमानं बहुतेक रात्रीच उडतात. प्रकल्पाच्या माहितीत भलंमोठं मालवाहतूक केंद्र असेल आणि आवाजाच्या प्रकरणात रात्र जवळजवळ रिकामी असेल, तर दोन्ही पानांचे क्रमांक शेजारी शेजारी लिहा. वेगळा युक्तिवाद करायची गरज पडत नाही.

तिसरी गोष्ट मर्यादेची. ‘मर्यादेत’ म्हटलं की विचारा, कोणाच्या? अमेरिकेत जमीन वापरासाठी दिवस-रात्र सरासरी ६५ डेसिबलची रेषा धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात विमानांचा आवाज दिवस-संध्याकाळ-रात्र सरासरी ४५ च्या आणि रात्री ४० च्या खाली ठेवावा असं सुचवलं आहे. डेसिबलच्या जगात वीसचा फरक म्हणजे ध्वनिऊर्जेत शंभरपट. दोन्ही रेषा नकाशावर काढून मागा, मग आतल्या घरांची संख्या मोजा.

आणि चौथी, काळाची रेषा. आवाजाचा नकाशा कोणत्या वर्षासाठी आहे? सुरू होण्याच्या वर्षी विमानं कमी असतात. प्रवासीसंख्या सांगताना अंतिम टप्प्याची आणि आवाज सांगताना पहिल्या टप्प्याचा, असं घडताना मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

पक्षी

पक्ष्यांकडे दोन बाजूंनी बघावं लागतं, आणि अहवाल बहुधा एकाच बाजूने बघतो. विमानतळ पक्ष्यांचा अधिवास घेतो, हे झालं एक. दुसरं, पक्षी विमान पाडू शकतात. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत हंस-बदकं गेली आणि ते हडसन नदीत उतरवावं लागलं, सगळे वाचले. दक्षिण कोरियात मुआन विमानतळावर २९ डिसेंबर २०२४ रोजी असं नशीब लाभलं नाही. पक्षी धडकल्यानंतर विमान पोटावर उतरलं, धावपट्टीपलीकडच्या काँक्रीटच्या बांधावर आदळलं आणि १७९ जण गेले. इंजिनांत बदकांचे अवशेष मिळाले. त्यानंतर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सोलच्या प्रशासकीय न्यायालयाने सेमांगम इथल्या नियोजित विमानतळाचा मूलभूत आराखडाच रद्द ठरवला. पक्ष्यांच्या धडकेचा धोका नीट तपासला नव्हता, हे त्यातलं महत्त्वाचं कारण.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं मार्गदर्शन विमानतळाभोवती १३ किलोमीटरच्या वर्तुळात पक्ष्यांना ओढणाऱ्या जागा बघायला सांगतं: कचरा डेपो, तलाव, कत्तलखाने. तुमच्या नकाशावर हेही वर्तुळ काढा. आणि एक विसंगती जरूर तपासा. कापलेल्या कांदळवनाच्या किंवा बुजवलेल्या पाणथळीच्या बदल्यात नवी पाणथळ करायचं आश्वासन असेल तर ती कुठे? धावपट्टीच्या जवळ असेल तर विमानांना धोका, फार लांब असेल तर त्या पक्ष्यांना उपयोग नाही.

हवा आणि हवामान, थोडक्यात

विमानांचं उत्सर्जन मोजताना सहसा जमिनीपासून ३००० फुटांपर्यंतचं, म्हणजे साधारण ९१५ मीटरपर्यंतचं उतरणं-चढणं धरतात. त्यावरचा सगळा प्रवास अहवालाच्या रेषेबाहेर. स्थानिक हवेसाठी हे ठीक, हवामानबदलासाठी मात्र तोकडं. लंडनच्या हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीचं धोरण फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयाने पॅरिस कराराचा विचार केला नाही म्हणून बेकायदा ठरवलं, आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तेव्हा या एकट्या मुद्द्यावर विसंबू नका, पण तो मांडा. स्थानिक हवेबद्दल विचारायचं असेल तर अतिसूक्ष्म कणांबद्दल विचारा. पीएम २.५ च्या तक्त्यात ते दिसत नाहीत, आणि लॉस एंजेलिस विमानतळाच्या अभ्यासात वाऱ्याच्या दिशेने १६ किलोमीटरपर्यंत त्यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं होतं.

उपाययोजनांची क्रियापदं वाचा

पर्यावरण व्यवस्थापन आराखडा वाचताना पेन्सिलीने फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. ‘प्रयत्न केला जाईल’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘शक्य तितके’, ‘विचार करण्यात येईल’. ही क्रियापदं कोणालाच कशाला बांधत नाहीत. बांधणारं वाक्य असं असतं: कोण, किती, कुठे, कोणत्या तारखेच्या आत, किती खर्चातून, आणि झालं नाही तर काम थांबणार की नाही.

तारखेचा मुद्दा किती कळीचा, हे हाँगकाँगमध्ये दिसतं. तिसऱ्या धावपट्टीसाठी समुद्रात सुमारे ६५० हेक्टर भराव घातला. तिथे चिनी पांढऱ्या डॉल्फिनचा वावर होता. गाळ उपसण्याऐवजी समुद्रतळातच सिमेंट मिसळून तो घट्ट करण्याचं तंत्र वापरलं, हे चांगलंच झालं. पण डॉल्फिनसाठी सागरी उद्यान घोषित करायचं ठरलं ते काम संपल्यावर. खोदकामाच्या, जहाजांच्या सगळ्या वर्षांत आसरा कुठे होता? तुमच्या अहवालात भरपाई आधी आहे की नंतर, ते बघा. नंतर असेल तर ती आधी व्हावी, ही मंजुरीची अट म्हणून मागा.

म्हणणं कसं मांडायचं

लेखी द्या. तोंडी बोललात तरी लेखी द्या आणि पोच घ्या. भारतात जनसुनावणीची किमान ३० दिवस आधी जाहिरात द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो, आणि सुनावणीला न जाताही लेखी म्हणणं देता येतं.

बहुतेक हरकती ‘आमचा विरोध आहे’ किंवा ‘मोबदला वाढवून द्या’ अशा असतात. भावना खरी असते, मोबदल्याचा प्रश्नही खराच. पण मोबदल्याचा कायदा वेगळा, त्याचं दार वेगळं. इथे इतिवृत्तात एक ओळ पडते, ‘भूसंपादनाबाबत संबंधित विभागाला कळवण्यात येईल’, आणि पाणी, आवाज, पक्षी यांवर कोणी बोललंच नाही असं कागदावर उरतं. निम्मा वेळ तरी पर्यावरणासाठी राखून ठेवा.

हरकत अशी लिहा: ‘पान २१४, तक्ता ४.११ नुसार रात्री शून्य उड्डाणं धरली आहेत. पान ३८ वर चोवीस तास चालणाऱ्या मालवाहतूक केंद्राचा उल्लेख आहे. तरी रात्रीची उड्डाणं धरून आवाजाचा नकाशा नव्याने काढावा, तो धावपट्टीच्या दोन्ही टोकांना किमान १० किलोमीटरपर्यंतचा असावा, आणि तो जाहीर झाल्याशिवाय मंजुरीचा विचार करू नये.’ पान, विसंगती, मागणी. एका हरकतीत एकच मुद्दा. असे आठ मुद्दे ऐंशी पानांच्या निवेदनापेक्षा जड जातात, कारण प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं लागतं. आणि उत्तर टाळलं, तर ते टाळलेलंही पुढे कामी येतं.

मंजुरी मिळाल्यावर

मंजुरीचं पत्र डाउनलोड करून ठेवा. भारतात त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जायला ३० दिवस असतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. अनेकांचा हा महिना ‘आता काय करायचं’ या बैठकांतच निघून जातो, त्यामुळे वकिलाशी बोलायचं असेल तर सुनावणीच्या आधीच बोला.

न्यायालयात जायचं नसेल तरी अटींची यादी तुमच्याकडे असू द्या. त्यांचा पूर्ततेचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, १ जून आणि १ डिसेंबरला. या दोन तारखा कॅलेंडरवर टाका आणि तेव्हा प्रत्यक्ष जागेवर जाऊन प्रत्येक अटीचा एकेक फोटो घ्या, तारीख आणि जागेसकट. बांधकाम सुरू होण्याआधी आपल्या विहिरीचं पाणी तपासून घ्या, ओढ्याच्या पुलावर पुराची खूण रंगवून ठेवा, आणि घराच्या गच्चीवरून रात्री दहा ते सकाळी सात किती आवाज असतो ते आठवडाभर वहीत लिहा. पहिलं विमान डोक्यावरून गेल्यानंतर ही वही नव्याने लिहिता येत नाही.